नीलकंठरावांची जपानी अळंबी

नीलकंठराव मूळचे रोह्याचे, पण पेणच्या शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. वर्गात कुणी उलट विचारलेलं त्यांना कधी खपलं नाही. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी बायकोलाच पुढ्यात बसवलं. विमलताईंनी आधी गव्हांकुर सोसले, मग कारल्याचा रस, मग दुधीचा. दर वेळी नीलकंठराव कंटाळत आणि मिक्सर विमलताई घासत.

यंदा मोबाईलवर शिटाके नावाच्या जपानी अळंबीची महती आली. कोलेस्टेरॉल उतरतं, हाडं बळकट होतात, जपानी माणूस हिच्यावरच शंभरी गाठतो. पुण्याच्या मुलाकडून, अंबरीशकडून, त्यांनी वाळवलेल्या अळंबीची पिशवी मागवली. विमलताईंनी हुंगून नाक मुरडलं, तरी रस्सा करते म्हणाल्या. त्यावर सर गरजले, शिजवलं की सत्त्व मरतं. मग ते वाटीभर अळंबी नुसती भिजवून, लिंबू पिळून रोज चावू लागले. रक्तदाबाची गोळी डबीतच राहू लागली.

एका सकाळी ते पाठ खाजवतच उठले. सदरा काढला तर पाठभर लांबलचक लाल वळ, जणू कुणी छडीने फोडून काढलंय. शेजारच्या इंदुबाईंनी कुंपणावरून ते पाहिलं. मग त्यांनी विमलताईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत थोडा आदरच होता. नीलकंठरावांचं म्हणणं, अंगातलं विष बाहेर पडतंय.

"विष नव्हे, अक्कल पडतेय बाहेर," असं म्हणून विमलताईंनी रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी आधी काय खाल्लं ते विचारलं. ही अळंबी कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ली की काहींना असे वळ उठतात, त्या म्हणाल्या. नीट शिजवली तर अन्न म्हणून उत्तम: तंतू भरपूर, ब जीवनसत्त्वं, उन्हात वाळवलेली असेल तर ड सुद्धा. कोलेस्टेरॉलचं मात्र माणसांत अजून नीट सिद्ध झालेलं नाही. मग त्यांनी रक्तदाब मोजला, तो चढलेला निघाला.

"आणि सर, ती गोळीची जागा घेत नाही. गोळी कुणी बंद केली?"

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

वळ जायला वेळ लागला. उरलेली अळंबी विमलताईंनी वालाच्या बिरड्यात घालून चांगली रटरटवली. सरांनी दोनदा मागून घेतली आणि संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जाऊन सांगितलं, शिटाके शिजवूनच खावी, हे आपण स्वतःवर प्रयोग करून शोधून काढलंय. विमलताई भाजी घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पण थांबल्या नाहीत.