रांगणारा हमाल

नागपूरकडच्या मालेगावात आमच्या शेजारी एक धिप्पाड हमाल राहायचा. त्याच्या मुलीला जन्मतः शौचाची वाटच नव्हती. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं तेव्हा ती वाचली. पण दोन वर्षांची झाली तरी रांगेना. कुणी टोकलं की तो म्हणायचा, "तिचं पह्यलं साल जगण्यातच गेलं. चालाले सवड कुठं भेटली?"

तिला शिकवायला तो स्वतःच भर गल्लीत रांगायचा. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, मलाही अवघडल्यासारखं व्हायचं.

एका बाजाराच्या दिवशी त्याच्या पाठीला धरून ती पहिल्यांदाच उभी राहिली. तेवढ्यात मागून बैलगाडी आली. गाडीवान ओरडला, "सरक ना!" हा हातागुडघ्यांवर तसाच राहिला.

"थांब बाप्पा," तो हळूच म्हणाला, "पोरगी उभी हाये."