पंचविसावी फेरी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मी खाटेवर आडवा आहे, पोटावर स्मरणिकेची पानं, चष्मा कपाळावर. डोळे मिटलेत, पण झोपलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. झोपलेल्या माणसाच्या गळ्यात कुणीही काहीही मारतं. चार वाजता छापखान्यातून रियाझचा फोन येणार आहे. मी ‘छाप’ म्हटलं की आमच्या कृष्णाकाठ आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धेचा पन्नास वर्षांचा इतिहास छपाईला जाईल. इतिहास मीच लिहिलाय. रेल्वेतून निवृत्त झालेला, एके काळी दहा हजार मीटर पळालेला आणि दिवसभर रिकामा असलेला माणूस मिरजेत दुसरा कोण मिळणार?

पायाशी खाट कुरकुरते. बाळगोंडा उगारे येऊन बसलाय.

बाळगोंडा गेल्या दिवाळीत गेला. मी स्वतः खांदा दिलाय. शाळेत ड्रिल मास्तर, माझा लंगोटीयार, आणि स्पर्धेत तीस वर्षं लांब शर्यतींच्या फेऱ्या मोजणारा. मी एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे बघतो. मेलेला माणूस भरदुपारी नुसत्या गप्पा मारायला येत नसतो. आमची आत्या म्हणायची, मेलेल्यानं दिलं तर घ्यावं, मागितलं तर देऊ नये. म्हणून मी आधी त्याचे हात तपासतो. रिकामे आहेत. म्हणजे मागायला आलाय.

“काय पायजे?” मी विचारतो.

“हणम्या, बस तरी म्हन की.”

“बसलाईसच की.”

तो हसतो आणि माझ्या पोटावरची पानं उचलतो. मला हे आवडत नाही. आठवीत मराठीचं पुस्तकही पुरं न वाचलेला माणूस आता छपाईची पानं वाचतोय, यात काहीतरी मेख आहे.

“डॅनिश डाक्टर घेतलास काय?”

“घेतलाय.” पहिल्या वर्षी, शहात्तर साली, दवाखान्यात शिकायला आलेला एक डॅनिश डॉक्टर कॅनव्हासचे बूट घालून शंभर मीटर पळाला आणि शेवटून पहिला आला. त्याच्यामुळेच आमची स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. त्याला न घेऊन कसं चालेल?

“आन् राख?”

“ती पण घेतलीय.” लोकोशेडमधली इंजिनांची राख बैलगाड्यांनी आणून आम्ही ट्रॅक केला होता. पुण्याच्या कॉलेजांतून शिकणारी परदेशी पोरं गोळा करून आणायचो, त्यांना पुरणपोळी घालायचो आणि राखेत पळवायचो. हे सगळं मी नीट लिहिलंय. बाळगोंडा एकेक साल बोटानं पुढे ढकलतोय. तो कुठं चाललाय ते मला कळतं. एकोणऐंशी. ऐंशी. एक्क्याऐंशी.

मी स्टेशनच्या तिकीट खिडकीच्या आत बसलोय, अंगात रेल्वेचा कोट. बाहेर रांगेत एकटा बाळगोंडा.

“ब्याऐंशी सालचं एक द्या,” तो म्हणतो.

“खिडकी बंद झाली.”

“हणम्या, ही खिडकी तुला कशी मिळाली रं?”

त्याला माहीत आहे आणि तरी विचारतोय. ब्याऐंशीच्या जानेवारीत मी दहा हजार मीटर, म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, एकोणतीस मिनिटं अकरा सेकंदांत पळालो. स्पर्धेचा विक्रम, अजून कुणी मोडलेला नाही. त्याच्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागलो, जत तालुक्यातल्या धनगराच्या पोराला कोट मिळाला, कलावतीच्या बापानं पोरगी दिली. त्याआधीची माझी सगळ्यात चांगली वेळ तीस चोवीस होती. कुणी विचारलं नाही की एकदम सव्वा मिनिट कुठून आलं. हार घालायच्या गडबडीत कोण विचारतो?

मी खिडकीची फळी खाली ओढतो. फळीमागं मैदान आहे.

राखेचा काळा ट्रॅक. तंबूत बक्षिसांची टेबलं लावतायत. माझ्या गळ्यात झेंडूचा हार आहे, छाती अजून धपापतेय, आणि ट्रॅकवर एकटा गिर्मा पळतोय. गिर्मा इथिओपियाचा, पुण्यात शेतकीला होता. शर्यत संपली तेव्हा तो माझ्या मागं साठेक मीटरवर होता. आम्ही सगळे थांबलो, तो थांबला नाही. एक बोट वर करून तो पंचांना दाखवत गेला, एक, अजून एक. लाउडस्पीकरवाला ओरडतोय, “पाहुण्यांना मिरज लई आवडलीय, जायाला तयार न्हाईत!” सगळं मैदान हसतंय. मीही हसतोय. गिर्मा मात्र एकट्यानं फेरी पुरी करून, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो. त्याच्याकडे कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा नेत नाही.

हा विनोद आम्ही दर वर्षी स्मरणिकेत छापतो. यंदाही मी घेतलाय, सत्तेचाळिसाव्या पानावर. आणि यंदा समितीनं गिर्माला शोधून काढून बोलावलंय. रविवारच्या समारंभात तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे. त्याला मराठी येत नाही, हे मी आठवड्यात चार जणांकडून खात्री करून घेतलंय.

“मंत्री आला हुता,” बाळगोंडा म्हणतो. तो फेऱ्या मोजायच्या टेबलाशी बसलाय, शेजारी शेवटच्या फेरीला वाजवायची पितळी घंटा. “तुझी चौदावी फेरी चालली हुती. सगळी उभारली, मी बी उभारलो. नमस्कार केला, हार दिला, बसलो. आन् रेघ मारली का न्हाई ते आठवंना. म्हनून मारली. मारलेली हुती, हणम्या. एका फेरीच्या दोन रेघा. घंटा एक फेरी आदी वाजवली मी.”

त्रेचाळीस वर्षं मला वाटत होतं की त्यानं हे मुद्दाम केलं. दोस्ताला नोकरी लागावी म्हणून. त्या संशयापायी मी त्याचा चहा पिताना अवघडायचो, त्याच्या पोराच्या लग्नात जादा आहेर केला, आणि त्याला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

“मग तवाच का बोलला न्हाईस?”

“सांजच्याला घरी कागूद बघितला तवा कळलं. तवर तुझी मिरवणूक निघाली हुती.” तो घंटेवर तळहात ठेवतो. “मी एकच इचाराय आलोय. तू मोजत हुतास काय?”

आता आलं. हे मागायला आलाय. मी सावध होतो.

“पळणारा मोजत नसतो,” मी म्हणतो.

“गिर्मा मोजत हुता.”

“त्याचं डोकं वेगळं.”

“तुला ठाव नसंल तर सगळं पाप माझं. मी जातो घिऊन,” बाळगोंडा म्हणतो. “ठाव असंल तर अर्धं हितं ठिवून जातो. येवढंच. मला वर चैन पडंना.”

त्याच्यापुढं तो कागद आहे, पाच-पाच रेघांचे गठ्ठे. तो मला जांभळ्या शाईची ती जुनी पेन्सिल देतो, जिभेवर ओली करून लिहायची ती. “जादाची रेघ मी खोडलीया, आता चोवीस हायत. पंचविसावी पळाला असशील तर मार, न्हाईतर सोड. मी मारनार न्हाई.”

मैदानात कुणी नाही. नुसती राख, आणि तंबूचं कापड फडफडतंय. मला त्याचा राग येतो. मेल्यावर हिशेब मिटतात म्हणे, आणि हा येऊन माझा उघडतोय. मग मला रडू येतं, कारण तो माझ्याएवढाच झुरलेला दिसतो.

“मोजत हुतो,” मी म्हणतो. “घंटा वाजली तवा पायात अजून एका फेरीचा दम राखून ठिवला हुता. मला वाटलं पहिला नंबर तू मला दिलास. म्हनून घेतला.”

बाळगोंडा मान हलवतो. पेन्सिल मी जिभेला लावतो. कडवट लागते. रेघ मात्र मारत नाही.

फोन वाजतोय. चार वाजलेत, छातीवर घाम, पानं फरशीवर सांडलीत. रियाझ म्हणतो, “काका, छापू का?”

“सत्तेचाळीस नंबरचं पान काढ,” मी म्हणतो. “तो विनोद काढायचा. तिथं लिही, ब्याऐंशीची दहा हजारची शर्यत गिर्मानं जिंकली. पूर्ण पंचवीस फेऱ्या तो एकटाच पळाला. हणमंत शिंगाडे चोवीस पळाला. त्याला ते माहीत होतं.”

“काका, बरं हाय न्हवं तुमचं?”

“लिहून घेतलंस का? वाचून दाखव.”

तो अडखळत वाचून दाखवतो. मी फोन ठेवतो. दारात कलावती उभी आहे. तिनं सगळं ऐकलंय. चाळीस वर्षं तिनं दिवाणखान्यात त्या शर्यतीचा चषक पुसलाय. आता ती काय म्हणेल या भीतीनं मी तिच्याकडं बघतच नाही.

ती जवळ येते, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवते.

“आ करा बघू. काय खाल्लंय?”

“काही नाही.”

“मग जीभ का जांभळी झालीय?”

जानेवारीत जांभळं कुठली? ती पदराचं टोक ओलं करून माझी जीभ पुसते, एकदा, दोनदा, जोर लावून. पदराला डाग पडतो, पण जिभेवरचा जात नाही.

“राहू दे,” मी म्हणतो. “रविवारी गिर्माला दाखवायचीय.”