हायेत थोड्या

वीस-बावीस वर्षं झाली, मी लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारते. विहीर आहे का, सोयाबीन किती एकर, घरात शेतीचं कोण ठरवतं. शेतीविकासाचा प्रकल्प कुठलाही असो, आधी माझ्यासारखीला पाठवतात आणि मी आणलेल्या आकड्यांवर पुढचं सगळं ठरतं, असं म्हणतात. ठरतं की नाही देव जाणे! माझे कितीतरी अहवाल कुणी उघडूनही बघितले नसतील. म्हणून सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर माझ्या यादीवरून मेंढ्यांना लस टोचणार आहेत असं कळलं, तेव्हा मला कोण आनंद झाला. ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

ती यादी कशी झाली ते आधी सांगते. जीप सोडली की अर्धा तास पायी चालल्यावर ती वस्ती लागते. मेंढ्या-शेळ्या राखणारी आठ-दहा घरं, प्रत्येकाला थोडीशी कोरडवाहू जमीन. पहिल्याच घरात साठीची एक बाई भेटली. नवरा वारलेला, लेक-सून कामाला पुण्याकडं गेलेली. घर, रान, कळप, सगळं एकटीच्या अंगावर. त्यातही रानात कधी पिकतं, कधी नाही. तिची खरी भिस्त मेंढ्यांवरच.

“मावशी, मेंढ्या किती?”

“हायेत थोड्या.”

“थोड्या म्हणजे?”

“थोड्या म्हंजी थोड्याच की वं बाई.”

आता माझ्या हातातल्या टॅबला ‘थोड्या’ कळत नाही. आकडा घातला नाही की रकाना लाल होतो आणि पुढचं पान उघडत नाही. मी म्हटलं, “मावशी, आकडा लागतो हो.”

तिनं तोंड फिरवलं. “मंग लिवा वीस.”

तिच्या पाठीमागं काटेरी कुंपणात कळप उभा होता. वीस? वीस तर एका कोपऱ्यातच असतील! पण मी लिहिलं वीस. आमच्या कामातला पहिला नियमच तो, समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही. नव्या पोरींना मी हा नियम दटावून शिकवते. पुढच्या सगळ्या घरांतही असंच झालं. कुणी दहा म्हणालं, कुणी पंधरा. मी लिहीत गेले.

आणि मला कळत नव्हतं असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू? माझं माहेर सेनगाव तालुक्यातलंच. आई आम्हाला टोपल्यातल्या भाकरी मोजू द्यायची नाही. ताटावर बसून कुणी ‘किती झाल्या’ म्हटलं की हातावर चापट बसायची. भरल्या गोष्टीला आकडा लावला की नजर लागते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग वीस लिहिताना ते आठवलं होतं का? कधी वाटतं आठवलं होतं, आणि तरी मी पुढचं पान उघडायच्या घाईत होते. कधी वाटतं, नव्हतंच आठवलं. आज कुणी शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही.

लस आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. लस टोचणारा माणूस बर्फाचा डबा उतरवून यादी वाचायला लागला आणि मावशीच्या नावापुढं थांबला. एकदा यादीकडं, एकदा कळपाकडं, मग माझ्याकडं.

“मॅडम, हे वीस आहेत का?”

कपाळ माझं! डब्यात यादीपुरतीच लस होती आणि बाकीच्या घरांचंही तेच रडगाणं. जास्तीची आणणार कुठून? तो म्हणाला, “मावशी, वीस निवडून द्या.”

“निवडू कशाला? ऱ्हायलेल्या माझ्याकडं बघत्यान,” ती म्हणाली. मग हाताला येईल ती मेंढी धरून पुढं करायला लागली. तो मोठ्यानं मोजत होता, एक, दोन, तीन. तिनं त्याला झापलं, “मनात मोज रे बाबा!”

मी तिथूनच ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, दुरुस्ती होईल, खरा आकडा पाठवा. मला हायसं वाटलं. आठवड्याभरात पुन्हा गेले, तिच्यासमोर बसले, सगळं समजावलं. लस कशी येते, यादी कशी लागते. तिनं मान डोलावून सगळं ऐकलं.

“मग मावशी, किती?”

“हायेत थोड्या.”

माझं डोकंच फिरलं. मी उठले, कुंपणापाशी गेले आणि स्वतःच बोट करून मोजायला लागले. सात-आठ झाल्या असतील, तोच तिनं येऊन माझं बोट मुठीत धरलं. अगदी घट्ट.

“बोट खाली घ्या बाई.”

“अहो, तुमच्याच भल्यासाठी मोजून राहिले ना मी!” चिडले की माझी माहेरची बोली बाहेर येते.

“मी बी भल्यासाठीच सांगून राहिले.”

अंदाजानं साठ-सत्तर लिहून पाठवता आलं असतं. पण अंदाजानं लिहायचं नाही हाही माझाच नियम. आणि तिनं बोट धरलं होतं ते अजून दुखत होतं. पुढच्या खेपेला बघू म्हणून मी निघाले. ती पुढची खेप दुसऱ्या कामांमुळं महिनाभर लांबली.

मग तिचाच फोन आला. “बाई, रोग आला,” एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा कुंपणात मोकळी जागा दिसत होती. ती दाराशी बसली होती. मी शेजारी बसले. विचारायचं नव्हतं, पण सवयच मेली तशी, तोंडातून निघून गेलं, “किती गेल्या?”

“एकोणतीस.”

असा खणखणीत आकडा तिनं मला कधी दिला नव्हता. ती म्हणाली, “त्यातल्या तीन टोचल्याल्या व्हत्या. मेल्याल्याला कोनाची नजर लागती बाई? मोजा किती मोजायच्या त्या.”

टोचलेल्याही तीन गेल्या. म्हणजे लस पुरती आली असती तर बाकीच्या वाचल्या असत्या का? लसवाल्याला विचारलं, तो म्हणाला, बऱ्याचशा वाचल्या असत्या, पण छातीठोक कसं सांगू? चूक माझी की तिची, की आम्हा दोघींना अडवणाऱ्या त्या लाल रकान्याची, मी अजून धरसोड करते आहे. एक दिवस स्वतःला शिव्या देते, दुसऱ्या दिवशी तिला. पण तिच्यावर राग टिकत नाही.

मी निघताना ती बांधापर्यंत आली. तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी तिनं मागं-पुढं बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, “एक्केचाळीस ऱ्हायल्यात.” लगेच बाजूला थुंकली.

“मनातच ठिवा बाई. लिवू नका कुठं.”

“मावशी, लिहिल्याशिवाय लस येत नाही.”

तिला ते कळत होतं. म्हणून तर सांगितलं होतं. ती माघारी वळली, आणि मी जीपमध्ये बसून आकडा भरला. रकाना लगेच हिरवा झाला.

पुरती लस आली. एकही मेंढी टोचायची राहिली नाही. यादी अगदी बराबर आहे म्हणून साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. आणि तेव्हापासून फोनवर तिचा नंबर दिसला की मी लगेच उचलत नाही. उचलायच्या आधी मी देवाला म्हणते, एक्केचाळीस राहू देत. मग जीभ चावते आणि म्हणते, थोड्या राहू देत.