सुल्तान काकच्या घरचं स्थळ

सुल्तान काक आमच्या गल्लीतले मंझिम्योर, म्हणजे लग्नं जुळवणारे. बगलेत छत्री, अंगातल्या घोळदार फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी आणि डोक्यात अर्ध्या श्रीनगरची खानेसुमारी. सकाळी माझ्या तंदूरवर गिरदे, म्हणजे गोल रोट्या, घ्यायला आले की कुणाच्या घरी किती मुली आणि कुणाचा मुलगा हट्टी, सगळं सांगून मोकळे व्हायचे. गिरदे गार व्हायचे, पण काकांचं संपायचं नाही.

त्यांचा एक नियम होता. श्रीमंताला श्रीमंत, गरिबाला गरीब. "रहमान, तोलामोलाचं जुळवलं की माणसं निदान जेवणावरून भांडतात, घराण्यावरून नाही," असं म्हणायचे.

पुलापलीकडचे हाजी समद जू हे शालींचे मोठे व्यापारी. त्यांनी आपल्या अल्ताफसाठी मुलगी शोधायचं काम काकांना दिलं. काकांनी चार महिन्यांत पाच स्थळं नेली. अल्ताफला एक फार उंच वाटली, एक फार बोलकी. एकीचं घर म्हणे दूर होतं. ते होतं पुढच्याच मोहल्ल्यात! सहाव्या वेळी काक वैतागून म्हणाले, "अरे बाबा, तुला हवी तरी कशी?"

अल्ताफ मान खाली घालून म्हणाला, "काका, तुमच्या घरात बघा ना."

काकांच्या घरात मुलगी एकच, हाजरा. बिनआईची पोर. समद जूंच्या शालींवर सुईकाम करायची. ते काम पोचवायला अल्ताफ दोन वर्षं स्वतः यायचा. काकांना वाटायचं, पोरगा धंद्याला किती पक्का आहे!

काक तसेच तरातरा घरी आले. "हाजरा, हे काय ऐकतोय मी?"

तिने सुईतला दोरा तोडला. "अब्बा, तुम्ही त्याला पाच मुली दाखवल्यात. मी एकीला तरी नावं ठेवली?"

चार दिवस काक गिरदे गरम असतानाच घेऊन घरी गेले. पाचव्या दिवशी म्हणाले, "रहमान, दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी हे स्थळ मनातही आणलं नसतं. पण पोरगी जेवत नाही रे." मग समद जूंच्या दुकानात निघाले. धीराला मला बरोबर घेतलं.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. काकांनी हळूच विषय काढला, पण समद जूंनी आवाज चढवला. "मी तुला सून शोधायला पाठवलं आणि तू स्वतःचीच पोर माझ्या गळ्यात बांधतोस? आमच्याकडच्या मजुरीवर तुझी चूल पेटते. उद्या तुझ्या पंक्तीला बसून जेवू मी?"

मी काकांकडे बघितलं, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी हेच समद जू पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार शाली विकायचे. लाकडाच्या वखारीच्या मालकाची मुलगी सारा त्यांना मिळवून दिली ती याच काकांनी. पाहुणे बघायला आले तेव्हा समद जूंच्या खोलीत अंथरायला गालिचा नव्हता. काकांनी तो आमच्या घरून नेला आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "मुलाचं स्वतःचं दुकान आहे." आयुष्यात नियम मोडला तो तेवढाच.

हे सगळं तिथे चारचौघांत बोलता आलं असतं. काकांनी जोडे घातले, "सलाम आलेकुम" म्हटलं आणि बाहेर पडले.

पुलावर मी चिडून विचारलं, "बोलला का नाहीत?"

"जुळवलेलं लग्न उकरून काढायचं नसतं, रहमान. मग मला घरात कोण घेईल?"

तसंही कुणी घेईना. काकांनी स्वतःच्याच मुलीसाठी डाव टाकला अशी आवई उठली आणि मोठ्या घरांची बोलावणी बंद झाली. हाजराने हातातली शाल शेवटच्या टाक्यापर्यंत पुरी करून माझ्या हाती परत पाठवली. "सांगा, आता यापुढे त्या घरचं काम नको."

शाल घेतली सारा बेगमने. दुकानात काय घडलं ते खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बाई पायी पूल ओलांडून आमच्या गल्लीत आली. काकांचं दार विचारायला तंदूरवर थांबली, आणि मलाही सोबत घेतलं.

हाजराने लोड पुढे केला. बेगमने तो बाजूला सारला आणि चटईवरच बसली. मिठाचा चहा घेतला.

"सुल्तान काक, माझ्या लग्नात तुम्ही माझ्या वडलांना किती थापा मारल्यात?"

काक कानकोंडे झाले. "दोन-तीन असतील, बेगम."

"सात! मी मोजल्यात. पण माणूस वाईट नाही दिलात. आता एकदा खरं बोला. तुमची मुलगी कशी आहे?"

काकांनी घसा खाकरला. "रागीट आहे. भाजीत मीठ जास्त टाकते. सुईकामाने डोळे अधू झालेत. उलट उत्तरं देते."

"आणि गुण?"

"ते बापाने कसे सांगायचे?" म्हणाले, आणि बेगमच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

घरी जाऊन बेगम नवऱ्याशी काय बोलली कुणास ठाऊक. शरद ऋतूत लग्न झालं. समद जू आले, जेवले, पण वर्षभर सुनेशी अवाक्षर बोलले नाहीत. मग एकदा त्यांनी अस्सल हातकामाची म्हणून घेतलेल्या शालीत हाजराने मशीनचा टाका दाखवून दिला. तेव्हापासून खरेदीची प्रत्येक शाल आधी तिच्यापुढे येते. काकांच्या घरी मात्र ते अजून ईदलाच येतात, आणि चहावरच उठतात.

मोठी घरं काकांकडे फिरकली नाहीत ती नाहीतच. आता त्यांच्याकडे वेगळीच गिऱ्हाइकं येतात. बापाला सांगायची हिंमत नसलेली पोरं-पोरी. काक आधी त्यांना फैलावर घेतात, "घराणं बघितलंस का गाढवा?" म्हणून ओरडतात. मग छत्री उचलतात आणि विचारतात, "बरं, बाप घरी किती वाजता असतो?"