मुनाफभाईंच्या शोकसभेला मी येणार नाही

शोकसभेत सत्कार कुणाकुणाचे ठेवलेत, ते आधी सांगा.

काल मुनाफभाई गेले. आमच्या बँडचे गायक, गिटारिस्ट आणि आम्हा बाकी चौघांचे दादा. मी त्यांच्या मागे बसून ड्रम्स बडवणारा.

अमरावतीत कॉलेज गॅदरिंगला सुरुवात केली तेव्हा लोक हसायचे. "वऱ्हाडीत कुठं रॉक असते काय बे?"

मुनाफभाई म्हणायचे, "काहून नसते? भांडता तं वऱ्हाडीतच ना? मंग गाणंबी होऊ द्या."

लाइट गेली की गल्लीतले पोट्टे त्यांचं लोडशेडिंगचं गाणं ओरडायचे.

मग सगळ्यांना डीजे पाहिजे झाला. बँड बंद पडला. मुनाफभाईंनी अकोल्यात कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं.

या वर्षी पुन्हा उभे राहिलो. साठीला टेकलेले आम्ही सगळे, एका टेम्पोत, सामानासकट, गावोगाव शो करत.

चांदूर बाजार झालं. हिवरखेडला तर टक्कल पडलेले लोक खुर्च्यांवर चढून नाचले, राजेहो!

मग अकोला. घरचा शो.

नसीमभाभींनी नवऱ्याला स्टेजवर कधीच ऐकलं नव्हतं. आधी घरच्यांना चालायचं नाही, नंतर बँडच राहिला नाही. या वेळी सुना-नातवंडं घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

मुनाफभाईंनी त्यांच्यासाठी नवीन गाणं केलं होतं. प्रॅक्टिसला कुणी मोबाइल काढला की खेकसायचे, "ठेव थो खाली! पयले तिले ऐकू दे."

ते गाणं शेवटी म्हणायचं ठरलं होतं.

आणि सत्कार सुरू झाले.

शाल. नारळ. बुके. माजी अमुक, भावी तमुक. भावी! ज्याला अजून कुत्रं विचारत नाही, त्यालाही शाल!

एक साहेब उशिरा आले, तर आमचं गाणं मध्येच थांबवलं. मुनाफभाईंच्या गळ्यात गिटार, आणि तिच्यावरूनच शाल पांघरली. हात बाहेर निघेना माणसाचा. वरून फोटोग्राफर म्हणतो, "सर, स्माइल!"

दहाला पोलीस आले. माइक बंद.

दोन गाणी झाली होती. फक्त दोन.

मी आयोजकांना तिथंच शिव्या घालायला लागलो, तर मुनाफभाईंनी मलाच ओढलं. "जाऊ दे बे. आता पुढच्या शोले, बार्शीटाकळीले म्हणतो. तिले संग घेऊन जाऊ."

बार्शीटाकळी राहिलीच.

आज त्याच मंडळींचा फ्लेक्स चौकात लागलाय. मुनाफभाईंचा फोटो छोटा, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे. लाज वाटत नाही?

आणि मला फोन. "भाऊ, शोकसभेत दोन शब्द बोला."

अरे, जिवंत होता तेव्हा त्याले गाऊ देल्लं नाही तुमी! आता मी काय बोलू, तुमचं डोंबल?

कब्रस्तानातून त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, परक्या पुरुषासमोर यायचं नाही; दाराआडून त्यांचा आवाज आला.

"भैया, ते माझंवालं गाणं कसं होतं? मी विचारलं की म्हणत, स्टेजवरच ऐकजो."

मला ते अख्खं पाठ आहे. म्हणायला गेलो आणि पहिल्याच ओळीला रडू फुटलं.

भाभी दाराआड तशाच उभ्या होत्या.

मुनाफभाई, आम्ही चौघं घरी येऊन भाभींना ते गाणं ऐकवू. माइक नाही, स्टेज नाही.

पण त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं हो.

खुदा हाफिज.