एकहातेकाकांचा कान

दोन्ही हात धडधाकट असलेल्या माणसाला सगळी गल्ली एकहातेकाका म्हणायची. दुरुस्तीसाठी चालू अँप्लिफायरच्या पोटात हात घालताना त्यांचा डावा हात पँटच्या खिशात असायचा, म्हणून. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, जुन्या यंत्रात चारशे व्होल्ट फिरत असतात, दोन्ही हात आत गेले तर झटका थेट छातीतून जातो. चाळीस वर्षं त्या खिशाने काकांना जगवलं, पण मिरवायचे मात्र ते कान. "मीटर खोटं बोलेल, माझा कान नाही," हे बायकोला इतकं पाठ झालं होतं, की काकांनी तोंड उघडलं की ती वाक्य पुरं करायची.

सोमवारी हॉटेलात गिटार वाजवणारा एक जण आपल्याहून वयाने मोठा अँप्लिफायर घेऊन धापा टाकत आला. "काका, घरघरतो, आणि वरच्या सुरांना शिट्टी मारतो. शनिवारी हवाय."

वाळलेले कंडेन्सर बदलून काकांनी दुपारच्या आत घरघर घालवली. गिटारवाल्याने तार छेडली. "घरघर गेली. शिट्टी आहेच."

काकांना शिट्टी ऐकूच आली नव्हती.

"हो, आता तीच काढतो," ते म्हणाले. बोलून बसले खरे.

मग चैन कसली पडते? मंगळवारी सगळी सॉकेटं घासली, बुधवारी शंका येईल तो सांधा पुन्हा सोल्डर केला. मधल्या वेळात येरझारा. मनगटावरचं घड्याळ काढून कधी या कानाला, कधी त्या कानाला. जेवताना ताटावर चमचा वाजवून पाहिला.

"मीठ कमी आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग ताटाने काय केलंय?"

गुरुवारी ती चहा घेऊन पुढच्या खोलीत आली तेव्हा काका गिटारवाल्याने ठेवून दिलेल्या जुन्या गिटारची तार ओढत होते. "अहो, ती शिट्टी बंद करा. दात शिवशिवतात."

काका थिजले. "तुला येते?"

"चार दिवस येतेय. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम वाजवताय."

काकांनी उठून दार लोटलं. "जरा बस इथे."

"गॅसवर दूध आहे."

"बंद करून ये. आणि गल्लीत बोलायचं नाही."

डावा हात खिशात, उजव्यात लाकडी पेन्सिल. काका एकेका छोट्या व्हॉल्व्हवर टिचकी मारायचे आणि बायकोकडे बघायचे. पहिला. तिने मान हलवली, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याला तिने कानांवर हात ठेवले. "हाच मेला." काकांना नुसती पेन्सिलची टकटक ऐकू आली. आतली जाळी सैल पडलेला तो व्हॉल्व्ह बदलल्यावर ती म्हणाली, "गेली," आणि दुधाखालचा गॅस पुन्हा पेटवायला पळाली.

शनिवारी गिटारवाल्याने डोळे मिटून वाजवलं. "काका, दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते. काय कान आहे हो तुमचा! माझ्या तीन मित्रांचे अँप्लिफायर असेच शिट्ट्या मारतात. आणू?"

काकांनी आधीच घट्ट असलेला स्क्रू पिळायला घेतला. बायको दारात हात पुसत उभी होती. एरवी पुढचं वाक्य पुरवणारी बाई आज गप्प होती. स्क्रू आणखी फिरेना.

"आण," काका म्हणाले. मग स्क्रूकडेच बघत म्हणाले, "पण कान माझा नाही. शिट्टी हिने पकडली. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत आता."

गिटारवाला दाराकडे वळला. "काकू, तुम्ही कधी मोकळ्या असता?"

"अकरानंतर," ती म्हणाली. "आणि गिटार तूच वाजवायची. हे वाजवतात ते ऐकवत नाही."