ओलं झाकू नये

सुनेच्या कपाटात चादर शोधताना प्लास्टिकची एक पिशवी हाताला लागली. आत, ज्याला सेक्स टॉय म्हणतात ते, धुऊन तसंच ओलं कोंबलेलं. पिशवीला आतून घाम सुटलेला. तेवढ्यात ती दारात आली आणि कानापर्यंत लाल झाली.

“आई, ते... टाकून देते मी.”

“टाकतेस कशाला? साबणाने धू, पूर्ण कोरडं कर, सुती पिशवीत ठेव. ओलं कोंडलंस तर त्रास तुलाच होईल गं!”

आम्ही पाळीची फडकी परकराखाली लपवून वाळत घालायचो. ती कधी धड वाळायची नाहीत, आणि खाज मुकाट सोसायची. वस्तू बदलल्या, लपवणं तेच राहिलं बघा.

आज गॅलरीतल्या दोरीवर एक नवी सुती पिशवी वाळत होती. तिच्यावर काहीच झाकलेलं नव्हतं.